रिकाम्या जहाजातलं पाणी

तातेराव : न्हाई म्हणजे न्हाई. भाचीच्या पाया पडायचं असतंय. तिच्या घरी पाय पसरून पडायचं नसतंय.

उषाबाई : ऐकलंस, अर्पू? तुझी जीप यायची वेळ झाली, तरी ह्यांचं तेच चालू. गुडघा लंगडतो, तोंड काही लंगडत न्हाई.

अर्पिता : मामा, ऑपरेशनची तारीख मिळालीये. गाडी सांगून ठेवलीये. नंतर काही महिने रोज व्यायाम करून घ्यायला माणूस लागेल. इथं खेड्यात कोण येणार? संभाजीनगरचा माझा फ्लॅट रिकामाच आहे. मी तर आता सहा महिने जहाजावर.

तातेराव : खर्च तुझा, घर तुझं, अन् राहायचं आम्ही? लोक म्हणतील, तातेरावानं बहिणीची लेक सांभाळली अन् म्हातारपणी वसूल केली.

अर्पिता : लोकांनी तेव्हाही म्हटलंच होतं.

तातेराव : काय?

अर्पिता : “तातेरावाच्या गळ्यात ओझं पडलं.” आई गेली त्याच आठवड्यात. मी दाराआड उभी होते.

उषाबाई : कोण म्हटलं? नाव सांग.

अर्पिता : ती शेजारची आजी वारली गं, मामी.

उषाबाई : वाचली माझ्या तावडीतून.

तातेराव : इतक्या वर्षांत बोलली न्हाईस, माय?

अर्पिता : गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला रानात नेलं आणि वखरावर बसवलं. म्हणालात, बस गप, वखर हलकं आहे, उड्या मारतंय.

तातेराव : मंग! वजन नसलं तर वखराची लोखंडी पास मातीत घुसंल कशी?

अर्पिता : जहाजावर माझं तेच काम आहे, मामा. माल उतरवला की रिकामं जहाज वर येतं, डोलायला लागतं. मागचा पंखा धड पाण्यात राहत नाही. मग तळाच्या टाक्यांत समुद्राचंच पाणी भरायचं. त्याला बॅलास्ट म्हणतात. कुठल्या टाकीत किती, ते मी बघते.

तातेराव : म्हणजे फुकटचं ओझं वाहायचं.

अर्पिता : ओझं नाही. ते भरल्याशिवाय रिकामं जहाज खोल समुद्रात नेत नाहीत. इंग्रजीत माणसाबद्दलही हा शब्द वापरतात. ज्याच्या आधारानं आपण वादळात कलंडत नाही, तो आपला बॅलास्ट. पहिल्यांदा शिकवलं तेव्हा सगळा वर्ग गणित करत होता, आणि मी वखरावर बसले होते.

उषाबाई : रुमण्याचा दांडा घट्ट धरून. केसांत माती, दातांत माती.

अर्पिता : मला वाटलं, मी नसते तर मामाचं वखर चाललं नसतं.

तातेराव : खरं सांगू का? दगडानंबी भागलं असतं.

अर्पिता : म्हणजे?

तातेराव : बांधावर दगडाचा ढीग व्हता की. पण तू आल्यापसून कोपरा धरून बसल्ती. जेवीना, बोलंना. म्हटलं, आपलं कुठंतरी काम पडतंय असं लेकराला वाटलं पाहिजे.

उषाबाई : मलाबी कधी सांगितलं न्हाई ह्यांनी.

अर्पिता : मामा...

तातेराव : रडू नको. अन् मला येडं समजू नको. आता तू मला वखरावर बसवून राह्यलीस.

अर्पिता : बसवतेय. पण माझ्या बांधावर दगड नाहीत, मामा. सहा महिन्यांनी उतरते, कुलूप उघडते, आणि आत आपल्याच पावलांचा आवाज. जमिनीवर येऊनही डोलल्यासारखं होतं. तेव्हा कुणीतरी आतून कडी काढायला हवंय मला.

(बाहेर जीपचा हॉर्न.)

उषाबाई : बोला की आता. मी चुलीवर रोजचं आधण ठेवू का न्यायला पातेली बांधायला घेऊ?

तातेराव : थांब जरा. जायच्या आधी पाया पडू दे तिच्या.

अर्पिता : गुडघा वाकत नाही तुमचा. राहू द्या.

तातेराव : बरं. मंग तू परत आल्यावर पडतो. कडी काढली की, तिथंच उंबऱ्यात.