पंचवीस अंकी संख्येचे अवयव

दारिना : एका संख्येपायी तुम्ही लोकांनी माझ्या बापाला तुरुंगात कुजवलंत.

(रुसे शहर, डॅन्यूबकाठची बाग. बाकावर वल्चो, गुप्तलिपी खात्यातला निवृत्त माणूस. समोर उभी दारिना, गणिताच्या मास्तरांची मुलगी.)

वल्चो : हळू बोल, पोरी. लोक बुद्धिबळ खेळतायत.

दारिना : खेळू दे. कम्युनिस्टांचं राज्य गेलं तुमचं. आता कुणाला भिऊ?

वल्चो : मी कुणाला पकडलं नाही. तुझ्या बापाने व्हिएन्नाच्या दोस्ताला कार्डावर पंचवीस अंकी संख्या पाठवली. कुणालाही संकेतच वाटेल.

दारिना : खाली लिहिलं होतं, ही मूळ संख्या नाही.

वल्चो : तिथेच तर फसला. मूळ नाही, तर कशाने भाग जातो? म्हणे, माहीत नाही. भाग जातो हे माहीत, कशाने ते माहीत नाही? साहेबांना वाटलं, लपवतोय.

दारिना : तुमची बायको बाजारातून मडकं वाजवूनच आणते ना? बद्द वाजलं की तडा आहे. कुठे आहे, ते दिसावं लागत नाही. संख्याही तशी वाजवून बघता येते. बाबांनी महिनाभर हाताने गुणाकार करून वाजवली.

वल्चो : हे साहेबांना कोण शिकवणार?

दारिना : तुम्ही. तुम्हाला येत होतं.

वल्चो : बस जरा. उन्हात उभी आहेस.

दारिना : कोठडीत ते अवयवच शोधत राहिले. भेटीला गेलं की आईला म्हणायचे, तडा सापडला की सुटेन. त्याआधी फुप्फुसं गेली.

वल्चो : हाताने कसा सापडणार? धाकटा अवयवच अकरा अंकी.

दारिना : काय म्हणालात?

वल्चो : काही नाही.

दारिना : अकरा अंकी. म्हणजे फोडली होतीत तुम्ही.

वल्चो : खात्याकडे यंत्र होतं.

दारिना : कधी फोडलीत?

वल्चो : त्याला धरला, त्याच हिवाळ्यात.

दारिना : म्हणजे बाबा खरं बोलतायत, हे तेव्हाच कळलं. तरी आतच ठेवलंत.

वल्चो : वर कळवलं मी. वरून आलं, मास्तर सुटला तर खातं चुकलं असं होईल. मला म्हणाले, तू गप्प बस. मला दोन मुली होत्या गं.

दारिना : त्यांचा बाप बागेत ऊन खातोय. उद्या माझ्या बापाची पुण्यतिथी. दारावर, झाडांवर त्यांचा फोटो लावायचाय, सगळे लावतात तसा. फोटोखाली ती संख्या घातलीय. पुढे बरोबरचं चिन्ह. त्यापुढे कोरं.

वल्चो : इतक्या वर्षांनी कुठे ध्यानात राहतं?

दारिना : अकरा अंकी, हे राहिलं.

वल्चो : सोफियातल्या कुठल्याही यंत्राला विचार. तासात सांगेल.

दारिना : यंत्राने माझ्या बापाला खोटं ठरवलं नव्हतं. छापखानेवाला थांबलाय, आणि मीही इथून हलत नाही. तुमच्या तोंडाने सांगा, कशाने भाग जातो?