रुखमाबाईच्या घराची चाबी

मंगरूळपीरच्या बसस्टँडवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. मागच्या बाकावर तांड्यावरची म्हातारी रुखमाबाई आणि शिवणकाम करणारी जुबेदा. दोघी घराच्या हक्कासाठी नागपूरला निघालेल्या राज्यव्यापी मोर्चाला चाललेल्या.

“मावशी, औंदा ऊस तोडाले नाई गेल्या?” जुबेदानं विचारलं.

“लेक अन् सून गेले. मी घर राखून राह्यली. मांगच्या साली सर्वेवाले आले, तं झोपडीले कुलूप. लिहून गेले, इथं कोनी राहत नाई. घरकुल गेलं.”

“मंग आज?”

“आज दार उघडं टाकून आली. दोरीवर लुगडं वाळत घातलं, चुलीपाशी भाताचा गंज ठेवला. कोनी आलंच तं समजन त्याले, इथं मानूस राह्यते.”

“अन् चोर आला तं?”

“न्याले हाये काय? तुह्यं सांग. खोली भेटली?”

“फोनवर हो म्हनतेत. नाव आयकलं का म्हनतेत, कालच दिली. सध्या भावाच्या ओसरीत मी अन् माही मशीन.”

“हे मोर्चात सांगजो.”

“सांगीन. कुलूप कुठी हाय तुमचं?”

“पिशवीत. चाबी कमरेले, सवयीनं.”

“द्या बरं इकडे.”

“चाबीत काय पाहतं, बाई?”

“घराची चाबी हातात कशी लागते, ते. मले आजलोक कोनी दिलीच नाई. नागपूर येईलोक राहू द्या माह्यापाशी.”

“ओढनीले बांध मंग. घरची चाबी अशी हातात नाई ठेवत.”