बोरनहाणातलं नाणं

हे बघा, बोरनहाणात सुटी नाणी टाकणार असाल तर आधी माझं ऐका.

गेल्या संक्रांतीला इथे परदेशात, ट्रुगानिना उपनगरातल्या आमच्या घरी आम्ही लेकीचं, ईराचं बोरनहाण केलं. दोन वर्षांची आहे ती. शेजारची रोझाही आलेली, मूळची चिलीची. पोरीच्या डोक्यावर चुरमुरे, चॉकलेटं, नाणी ओततात हे बघून ती खूश! म्हणाली, "आमच्याकडे बाप्तिस्म्याला अशीच नाणी उधळतात!" धावत जाऊन तिच्या देशातली एक पेसोची मूठभर नाणी घेऊन आली. अष्टकोनी, नखाएवढी, फुंकरीने उडतील इतकी हलकी.

पाच मिनिटांत ईराला ठसका लागला. डोळे पांढरे, तोंडातून लाळ. बायको किंचाळली, "गिळलं तिनं!"

हॉस्पिटलपर्यंत गाडी कशी चालवली, मला आठवत नाही. मागे ईराचे पाय धरून रोझा रडत होती आणि मी, सांगायला लाज वाटते, तिच्यावर ओरडत होतो, "कुणी सांगितलं होतं तुला नाणी आणायला?"

डॉक्टरने एक्स-रे दाखवला. "पोटात उतरलंय. नो वरीज, आपोआप बाहेर पडेल."

मी विचारलं, "ते आठ कोनांचं नाणं ना?"

"कोन कुठले? हे तर गोल आहे."

म्हणजे इथलंच, पाच सेंटचं. सकाळी चुरमुऱ्यांत मीच मिसळलेलं.

मला रोझाकडे बघवेना. पार्किंगमध्ये तिनंच हात पुढे केला.

"किल्ली दे. गाडी मी चालवते, तू मागे ईराजवळ बस."