ताबा न दिलेल्या दवाखान्यात

हॅलो? … हॅलो, कोण? … ताई! अगं, मी छायाच. जयरामभाऊंच्या दुकानातून बोलतेय… हो, धापा टाकतेय, पळत आले ना! … नाही गं, वाईट काही नाही. आमचा नवा दवाखाना… हो, तोच, सरकारी. उघडला! … कसलं उद्घाटन? कुलूप फोडलं! … अगं, मी नाही… ऐक तर खरं!

सकाळी दवाखान्याच्या जुन्या खोलीच्या छताचा गिलावा कोसळला. थेट बाळंतपणाच्या टेबलावर… नाही, टेबल रिकामं होतं, नशीब! मी ढिगारा उपसतेय, तेवढ्यात लंकाबाई सुनेला घेऊन दारात. पूजा… हो, पहिलटकरीण. कळा अगदी वरचेवर… डॉक्टर कुठले? मीटिंगला नाशिकला, जीपही तिकडेच. पिंपळगावच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला टेम्पो बघत होते, पण तपासलं नि कळलं, ही रस्त्यातच बाळंत होणार.

आणि समोर नवी इमारत! … हो ना, सहा वर्षं झाली. चाळीस लाखांचं काम कोटीवर गेलं, नि नळाला अजून पाणी नाही. त्यात आजच इंजिनियर साहेब आलेले. ठेकेदार त्यांना सांगतोय, सळई महागली, सिमेंट महागलं, अंदाजपत्रक वाढवून द्या… हो, तिसऱ्यांदा!

मी म्हटलं, चावी द्या. तर म्हणतो, "सिस्टर, ताबा दिलेला नाही. बिल निघाल्याशिवाय उघडता येत नाही"… ताई, शिव्या नंतर दे, आधी ऐक! लंकाबाईनं दगडच उचलला. "माझी सून काय तुझ्या खडीवर बाळंत व्हायची हाय का रं?" … दोन घावांत कुलूप खाली!

आत मिट्ट काळोख. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या… वीज कुठली? साहेबांनीच फळ्या उपटल्या गं! खिळा लागला हाताला. बायकांनी हंडे आणले, फरशी धुतली, कुणी धुतलेली लुगडी आणली, कुणी स्टोव्ह… हो, मीसुद्धा घाबरले होते! बाळ आलं, तर नाळ गळ्याभोवती. अंग निळं, रडेना… हॅलो? ऐकू येतंय ना? … नाळ सोडवली, तोंड पुसलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली… आणि मग जी रडली! … मुलगी! हो, दोघी छान आहेत.

साहेब? पायरीवर बसले होते, हाताला रुमाल गुंडाळून. रडणं ऐकलं नि उठले. ठेकेदाराला म्हणाले, "या तीन खोल्या आजपासून सिस्टरांच्या ताब्यात. आधी पाणी नि वीज द्या. वाढीव पैशांचं त्यानंतर बघू." … त्याचं तोंड बघायला हवं होतंस!

… मेमो? येईलही. येऊ दे… काय? माझ्या बदलीचं? अगं, भाऊजींनी कुणाला सांगून ठेवलंय ना, त्यांना म्हणावं, थांबवा… नाही, तुमच्याकडे पंचवटीत नाही यायचं मला… चिडू नकोस ना! इतकी वर्षं त्या भिंती बाहेरून बघितल्या मी. आता कुठे…

काय हो जयरामभाऊ? … कोण? बायडाबाई? हात कापला? … विळ्यानं? … मग जुन्या खोलीबाहेर बसवा ना… काय म्हणता? तिकडे गेलीच नाही?

ताई, सरळ नव्या दवाखान्यात जाऊन बसलीय म्हणे! … अगं, ठेव… ठेव ना गं, पेशंट आलाय!