वहिनीने वाफ ऐकली

आमच्या वहिनीचा कान किती तयार आहे, ते मला पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत कळलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. चामराजपेटेत माझा गाड्या आतून धुवून देण्याचा धंदा होता. एका डॉक्टरांच्या गाडीत दूध सांडलं, मी सीट पाण्याने धुतली, आणि आतला फोम ओला राहून असा कुजला की डॉक्टर पुन्हा माझ्या दारात आले नाहीत. म्हणून वाफेचं मशीन घ्यायला पीण्याला निघालो. वहिनीला सुट्टी होती, तीही आली. ती कपड्यांच्या कारखान्यात वाफेची इस्त्री चालवायची.

दुकानदाराने एक मोठं, चकचकीत मशीन सुरू केलं. मी तर भाळलोच. वहिनी दाराबाहेर बघत उभी होती. तिथूनच म्हणाली, "हे नको. वाफेत पाणी आहे."

"अक्का, न बघताच?" दुकानदार हसला.

"थुंकल्यासारखं वाजतंय ते. दुसरं स्वल्प, जरासंच, चालू करा."

दुसऱ्या छोट्या मशीनची वाफ एकसारखी सळसळली. वहिनीने दोन्हींसमोर लांबून वर्तमानपत्र धरलं. पहिल्यापुढच्याचा क्षणात लगदा झाला. दुसऱ्यापुढचं गरम झालं, पण जवळजवळ कोरडंच राहिलं.

मी थक्क झालो. बारा वर्षं ही बाई आमच्या घरात होती आणि आम्ही लोकांना सांगायचो, "कारखान्यात इस्त्री करते," बस्स, एवढंच.

दुकानदाराचं हसू केव्हाच मावळलं होतं. त्याने हात जोडले. "अक्का, आत अजून चार मशीनं आहेत. तेवढी ऐकून जाता का?"