तांबू खाईना

...आन् वर मलाच म्हणायची, "तुझी नजर लई वाईट हाय गं, माझ्या दारावरून जाऊ नकोस." आता तुमीच सांगा, घर शेजारी, रस्ता एकच, दुसरीकडनं जायचं म्हणलं तर माणसाला उडत जावं लागंल, आन् माझ्या नजरेत तेवढा जोर असता तर मी आधी आमच्या सासूकडं बघितलं नसतं व्हय? पण भिवराकाकूला कोण सांगणार. तिची गाय खाईना झाली व्हती. गाय खाईना म्हंजे काकूचा जीव थाऱ्यावर न्हाई, आन् काकूचा जीव थाऱ्यावर न्हाई म्हंजे सगळ्या आळीला दम न्हाई.

तुमाला सांगते, निजामाचं राज व्हतं तवाची गोष्ट. वडवणीच्या खालच्या अंगाला आमचं गाव, गाव कसलं, या टोकाला कुणी शिंकलं की त्या टोकाला विचारायचे, कुणाला पडसं झालं. त्या साली उन्हाळ्याच्या तोंडाला काकूची सून सारजा बाळंत झाली. लेक झाली. लेक चांगली, पण सारजाला असा ताप आला, असा ताप आला की अंगावरचं दूधच गेलं. मग त्या पोरीनं काय प्यावं? म्हशीचं दूध पाजलं तर तिला पचंना, पोट फुगायचं, पोर काळीनिळी व्हायची. आन् गावातल्या बाकीच्या गाई उन्हाळ्यानं आटल्याल्या. राहिली कोण, तर काकूची तांबू. तिचं दूध पाणी घालून बोंडल्यानं पाजायचं, तवा ती पोर डोळं मिटायची. म्हंजे त्या घरात तांबूच आई झाली व्हती म्हणा ना.

आन् इथंच काकूनं डोकं चालवलं. तिचं डोकं चाललं की आमाला धाकधूक व्हायचीच.

ती म्हणाली, "गाय दिसभर माळावर उन्हात हिंडती, तिचं दूध पायात जातंय. उद्यापासनं चरायला सोडायचं न्हाई." बरं, तिथं थांबावं का न्हाई? न्हाई. दावणीला दुसरी एक गाय व्हती, गोदी. म्हातारी, भाकड, ना गाभण ना दुभती, नुसती खायची आन् रवंथ करीत बसायची, जणू काय पाटलीणच. काकू म्हणाली, "हिच्या तोंडचा कडबा तांबूच्या तोंडी पडल." आन् गोदीला सोडून दिलं कुणाला, तर समोरच्या भामाबाईला. भामाबाई म्हंजे काकूची धाकटी जाऊ. नवरा वारल्याला, लेकरू न्हाई, येगळी चूल मांडून एकटीच ऱ्हायाची. तिला गोवऱ्यासाठी शेण पायजे व्हतं. ती हसत हसत गाय घेऊन गेली. त्या दोघींचं पटायचं न्हाई, म्हंजे किती पटायचं न्हाई, तर एकीनं सडा टाकला की दुसरी म्हणायची, पाणी माझ्या दाराकडं कावून वाहातंय.

झालं. तांबू एकटी, आन् पुढं पाटी भरून. काकू मनात म्हणली, आता बघा कशी दुधाची धार लागती ती.

तांबूनं पाटीत तोंड घातलं, वास घेतला, एक काडी उचलली, आन् तोंड वर करून उभी. काडी तशीच ओठात. कान दाराकडं. सकाळी गुरं माळाला निघाली, घंटा वाजायला लागल्या की दाव्याला हिसका मारायची, आन् गुरं पार दिसंनाशी झाली की मान खाली टाकून उभी ऱ्हायाची. बसायची न्हाई, रवंथ न्हाई, काय न्हाई. काकू म्हणाली, "कडबा वाळका हाय, गोड लागत नसंल." शहादेवकाकांना, म्हंजे तिच्या मालकांना, मळ्यात पिटाळलं, त्यांनी हिरवंगार कडवळ कापून आणलं. तांबू खाईना.

मग सरकी भिजवली. करडईची पेंड फोडली. ज्वारीचा भरडा शिजवून त्यात गूळ घातला, आन् तो वास असा सुटला की आमच्या घरातली पोरं तोंडाला पाणी सुटून दारात येऊन बसली. काकू तांबूच्या पुढं बसून म्हणायची, "खा गं माझे बाय, येवढा घास खा," आन् घास तिच्या तोंडाला लावायची, आन् ती गाय बिचारी तोंड फिरवायची, की काकू उठून त्या बाजूला जायची, की ती हिकडं फिरवायची... गोल गोल. सगळी दावण त्या दोघींनी तुडवून काढली. पण तांबू खाईना.

आन् दूध? आधी काकू धार काढायला बसली की लोट्यावर फेस यायचा. मग लोटा गळ्यापतुर आला. मग पोटापतुर. मग नुसती बुडाशी खणखण. वासराला बी पुरंना, ते हंबरायचं, आत पोर रडायची, सारजा गोधडीत तोंड घालून रडायची, आन् काकू मधी उभी, कुणाकडं आधी पळावं ते कळंना. दुधात पाणी घालायचं ते आता पाण्यात दूध घालायची पाळी आली. ती पोर बोंडलं चोखायची आन् अशी बघायची, जणू इचारायची, ह्येच का ते?

काकू कुणाचं ऐकंना. दिष्ट काढली, मिरच्या जाळल्या, आमी सगळे खोकून खोकून बेजार, तांबू तेवढी खोकली न्हाई. कुणी म्हणलं जिभेवर काटं आल्यात, की काकूनं हळद-मीठ घेतलं आन् कोपरापतुर हात गाईच्या तोंडात. गाईनं हात चाटला, मीठ खाल्लं, आन् बाकीचं खाईना.

तवा शहादेवकाका वडवणीच्या बाजाराला गेलते, तिथं त्यांना एक सलोत्री घावला. सलोत्री म्हंजे जनावरांवर इलाज करणारा, कुण्या जागीरदाराच्या घोड्यांचं बघायचा. त्याला हातापाया पडून आणला. पांढरी दाढी, डोळ्यात सुरमा, लई अदबीचा माणूस. त्यानं गाईचं तोंड उघडलं, पोट दाबलं, कान लावून ऐकलं, आन् म्हणतो कसा, "अम्मा, दाँत अच्छे, ज़बान अच्छी, बुखार नै. बस, इसकू भूक नै है."

काकू म्हणाली, "बाबा, भूक न्हाई ते मला म्हाईत हाय म्हणून तर तुला बोलवलं."

"तो अम्मा, जब मालूम था तो हमकू कायकू बुलाए?" आन् गुळाचा चहा पिऊन गेला. तो चहा बी तांबूच्या गुळातला.

आन् मग एका दुपारी काकू आत पोरीला बोंडल्यानं पाजत बसलेली, पोर घोट घ्यायची आन् थांबायची, घ्यायची आन् थांबायची, तर बाहेर काडकन आवाज. काकू येऊन बघती तर दावं तुटल्यालं, खुंटा मोकळा. तुमाला सांगते, त्या बाईचा पदर डोक्यावर राहिला न्हाई. "गेली गं, हिरीत गेली, माझी पोर मारली गं," करीत आळीनं पळत सुटली, आन् तिच्या मागं आमी. हिरीवर बघितलं, न्हाई. वढ्याला बघितलं, न्हाई. परत येतोय तर भामाबाईच्या परड्यातनं आवाज... कच कच, कच कच.

आत काय बघावं? पावसात भिजून काळा पडल्याला कडबा, छपरावर टाकल्याला, तो भामाबाईनं वढून गोदीच्या पुढं टाकला व्हता. आन् एका फुटक्या पाटीत दोन तोंडं. गोदी एक काडी वढायची, की तांबू तिच्या तोंडातनं दुसरी वढायची. सरकी नको, पेंड नको, गूळ नको म्हणणारी ती बया, भामाबाईचं काळं छप्पर खात उभी.

भामाबाई दारात हात बांधून. "बघ भिवरे, गरिबाचा कडबा गोड लागतोय तुझ्या गाईला. घरी उपाशी मारती व्हय गं?"

"भामे, माझ्या गाईला काय घातलंस तू?"

"छप्पर घातलंय. आता मला ऊन लागलं तर तू भरून देशील का?"

काकूनं गाय वढत घरी आणली. आन् तिनं काय करावं? मागं फिरली, ओठ आवळून भामाबाईकडनं त्याच काळ्या कडब्याची पेंडी मागून आणली, आन् तांबूच्या पुढं टाकली. शहादेवकाका नुसते बघत राहिले, येवढ्या वर्सांत काकूनं जावंकडनं काडी मागितल्याली त्यांनी बघितली नव्हती. तांबूनं काळ्या कडब्याचा वास घेतला, तोंड वर केलं, कान समोरच्या दाराकडं...

तांबू खाईना.

तवा आतनं सारजाचा बारीक आवाज आला, "आत्याबाई, गोदीला आणा ना. त्या दोघी एकाच पाटीत तोंडाला तोंड लावूनच खायच्या. गोदीनं तोंड घातलं की ही घालायची, ती थांबली की ही थांबायची. मी शेण काढताना रोज बघायचे."

"मग आधी कावून बोलली न्हाईस?"

"तुमी बोलू दिलं कवा."

काकूनं माझ्याकडं बघितलं. मी लगीच खाली बघितलं, कारण माझी नजर वाईट.

दिल्याली गाय परत मागायची, आन् ती बी भामाबाईकडं. काकू उंबऱ्यापतुर जायची, परत यायची. मग आत पोर रडली, आन् पाय आपूआप उचलले. भामाबाईनं सगळं ऐकून घेतलं, आन् म्हणाली, "गोदी माझी. तिचं शेण माझं. पण लेकरू तुझं एकटीचं न्हाई, रोज गोदीला तुझ्या दावणीला आणून बांधीन. कडबा तुझा. आन् माझी गाय मी तुझ्या भरवश्यावर सोडायची न्हाई, मी बी बसंन."

दुसऱ्या दिशी उजाडायला गोदी आली. येऊन पाटीत अशी तुटून पडली, जणू मधी कुठं गेलीच नव्हती. तांबूनं एकदा तिची मान चाटली आन् तोंड घातलं. कच कच. काकू पाटीपाशी बसून डोळं पुसत म्हणायला लागली, "खा गं माझे बाय..." तशी तांबूनं तोंड वर केलं.

भामाबाई म्हणाली, "तू ऊठ भिवरे इथनं. तू असं बघत बसलीस तर माझ्या बी घशाखाली घास उतरायचा न्हाई."

काकू उठली. आत जाऊन बसली. आन् पुन्हा लोट्यावर फेस आला, हळूहळू आला, पण आला, आन् त्या पोरीनं बोंडलं रिकामं करून ढेकर दिला तवा सारजा कितीतरी दिसांनी हसली.

फक्त, गाई जेवायला लागल्या की भामाबाई बी दावणीपाशी बसल्याली. मग दुपारच्याला तिला उठा कसं म्हणायचं? तिचं बी ताट वाढलं. ती बी जेवायची, आन् जेवता जेवता म्हणायची, आमटी पातळ हाय, भाकरी जाड हाय, मीठ हातानं टाकलंय का पायानं. आन् काकू, जी कुणाचं ऐकून घेणार न्हाई, ती खाली मान घालून आणखी वाढायची. सारजा पदरात तोंड घालून हसायची आन् एक भाकरी जास्त खायची.

एक दिवस शहादेवकाका कडब्याच्या गंजीपुढं उभं राहून म्हणाले, "अगं, गोदीला घालवली ती कडबा वाचवायला ना? ही गंज येवढ्यात खाली कशी आली? आन् ज्वारीची कणगी बी?"

काकूनं तव्यावरची भाकरी उलथली आन् म्हणाली, "एक दूध देती, एक शेण देती, तिसरी अक्कल देती. खायला तिघींना बी लागतं."