फऱ्याचा पहिला नंबर

(समितीच्या मोठ्या खोलीला लागून असलेली छोटी खोली. दार लोटलेलं. आत समितीचे तिघे सदस्य : अध्यक्ष, शेळ्यांच्या रोगांचे तज्ज्ञ आणि कोंबड्यांच्या रोगांवर काम करणारी लेक. पलीकडे चहाचे कप वाजताहेत.)

अध्यक्ष : मी पुन्हा मोजले, बाई. फऱ्याच पहिला.

लेक : लाळ्या-खुरकुताच्या वर?

अध्यक्ष : सगळ्यांच्याच वर. जनावरांच्या कुठल्या रोगांवर देशाने पुढची पाच वर्षं संशोधन करायचं, तर सगळ्यात आधी फऱ्यावर. समितीचं गुप्त मतदान आहे. मी काय करणार?

शेळीवाले : काही करू नका. जाहीर करा आणि बिस्किटं संपायच्या आत बाहेर चला.

लेक : काका, एक मिनिट. साहेब, फऱ्याला गुण किती पडलेत?

अध्यक्ष : जवळजवळ सगळ्यांनी दहापैकी दहा दिलेत.

लेक : मागच्या वेळी बाबा स्वतः या टेबलावर होते, तेव्हा कुणी पाचाच्या वर गेलं नव्हतं.

अध्यक्ष : तेव्हाची गोष्ट वेगळी होती.

लेक : काय वेगळं होतं? रोग तोच आहे.

अध्यक्ष : बाई, तुमचे वडील जाऊन अजून महिना झाला नाही. माणसांना वाटतं काहीतरी. प्रत्येकाला वाटलं असेल, आपण एकट्यानं दहा दिले तर काय बिघडतंय.

लेक : तुम्ही किती दिले?

अध्यक्ष : मतदान गुप्त असतं.

शेळीवाले : दहा. शेजारीच बसलो होतो मी.

अध्यक्ष : तुम्ही आपल्या कागदात बघायचं सोडून माझ्यात कशाला बघता?

शेळीवाले : माझं लिहून झालं होतं. मीही दहाच दिले. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

लेक : आणि शेळ्यांच्या बुळकांडीला?

शेळीवाले : नऊ. आपल्याच रोगाला दहा देणं बरं दिसत नाही.

लेक : साहेब, शेळ्यांची बुळकांडी कितवी आली?

अध्यक्ष : आठवी.

शेळीवाले : कितवी?

अध्यक्ष : आठवी. म्हणजे पैसा पहिल्या सातांना. आठव्यापासून पुढे समितीच्या शुभेच्छा.

शेळीवाले : अहो, कळपच्या कळप बसतायत त्या रोगानं! आठवी कशी?

लेक : फऱ्या वर गेला, म्हणून सगळे एकेक पायरी खाली आले. शेवटच्या पायरीवर तुम्ही होतात.

शेळीवाले : म्हणजे मीच मला ढकललं.

लेक : तुम्ही एकट्यानं नाही. सगळ्यांनी मिळून.

अध्यक्ष : सगळ्यांनी नाही. एका कागदावर फऱ्याला तीन आहेत.

शेळीवाले : तीन! कोण तो नतद्रष्ट? मेलेल्या माणसाशी कसलं वैर काढतो? थांबा, मी ओळखतो. तो घोडेवाला असणार.

लेक : मी दिले तीन.

शेळीवाले : तू?

लेक : काका, फऱ्याची लस आहे. स्वस्त आहे, आणि लागू पडते. लागू पडते हे दाखवण्यात बाबांचं आयुष्य गेलं. आता त्यात शोधायचं काय राहिलंय?

शेळीवाले : काय राहिलंय काय? ते जंतू मातीत वर्षानुवर्षं पडून असतात. संध्याकाळी धडधाकट वासरू लंगडताना दिसतं, मांडी दाबली की कुरकुर वाजते आणि सकाळी उचलायला माणसं बोलवावी लागतात. तुझ्या बापानं मलाच दाखवलंय ते.

लेक : म्हणून तर दरवर्षी टोचायचं. पण ते टोचणाऱ्यांचं काम आहे. ते करत नसतील तर त्यांच्या मागे लागा. बुळकांडीवर मात्र तुमचं काम अर्धवट आहे.

शेळीवाले : अर्धवट म्हणू नकोस. चालू आहे म्हण.

अध्यक्ष : बाई, मला एक कळत नाही. मागच्या आठवड्यात तुम्हीच माझ्याकडे आला होतात. बाबांची प्रयोगशाळेतली खोली इतक्यात काढून घेऊ नका म्हणालात.

लेक : म्हणाले होते.

अध्यक्ष : फऱ्या यादीत राहिला तर खोली राहते. कपाट राहतं, त्यातले नमुने राहतात. दारावरची पाटीसुद्धा राहते. आणि हे सगळं आपोआप झालंय, कुणाला एक शब्द बोलावा लागला नाही. मग तुमची हरकत कशाला?

लेक : मी थोडी मुदत मागितली होती, साहेब. देशात पहिला नंबर नव्हता मागितला.

अध्यक्ष : बरं, पहिला नको. सातवा करू. फऱ्या सातवा आणि शेळ्या...

लेक : शेळ्या कुठे घालणार?

अध्यक्ष : तेच मोजतोय.

लेक : नका मोजू. ही यादी मंत्रालयात जाईल. तिथे कुणीतरी विचारेल, ज्या रोगाची लस खेडोपाडी मिळते तो पहिला कसा? मग तुम्ही काय सांगणार? त्या रोगाचा माणूस वारला म्हणून? बाबांचं नाव मंत्रालयात हसण्यावारी नेलेलं मला चालणार नाही.

शेळीवाले : मी दुसऱ्यांदा मत देणार नाही. दिलं ते दिलं.

लेक : काका, तुमच्या शेळ्या आहेत.

शेळीवाले : शेळ्यांचं मी बघून घेईन. तीस वर्षं त्याच्या प्रत्येक मुद्द्यावर मी आडवा आलो. एकदा तरी त्याच्या बाजूनं हात वर करावा म्हटलं, तर तू आडवी आलीस. बापावर गेली आहेस अगदी.

लेक : तुम्ही हॉस्पिटलात आला होतात की.

शेळीवाले : आलो होतो. तिथेही भांडलो.

लेक : हो. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

शेळीवाले : ...काय सांगतेस?

लेक : तुम्ही गेल्यावर उठून बसले. म्हणाले, या माणसाला शेळीतलं काही कळत नाही. आणि भाताचं ताट मागितलं.

शेळीवाले : शेळीतलं कळत नाही म्हणाला?

लेक : दोनदा.

शेळीवाले : अध्यक्ष, कोरे कागद आहेत का?

अध्यक्ष : आहेत. पण बाहेर कारण काय सांगू? गुण चुकले म्हणू?

लेक : गुण बरोबर होते, ते वेगळ्याच गोष्टीला दिले गेले, असं म्हणा. लोकांना समजेल. मी तोवर इथेच बसते. मी समोर असले की त्यांचे पेन पुन्हा दहावर जातील.

शेळीवाले : आणि तुझं मत?

लेक : माझं तेच राहू द्या. तीन.

शेळीवाले : चार तरी कर गं.

लेक : तुम्ही जा, काका. चहा निवतोय.

(थोड्या वेळानं. दारावर टकटक.)

अध्यक्ष : बाई, येऊ का आत? झालं. लाळ्या-खुरकूत पहिला. शेळ्यांची बुळकांडी चौथी. तुमचा कोंबड्यांचा ताप पाचवा.

लेक : फऱ्या?

अध्यक्ष : नववा.

लेक : बरोबर आहे.

अध्यक्ष : बाहेर सगळ्यांनी नवे कागद भरून दिले. घोडेवाल्यांनी तेवढं डोळ्यांना रुमाल लावला. मला वाटतं, त्यांनी त्यातल्या त्यात सहा दिले असावेत.

लेक : त्यांना थँक्यू सांगा. खोली कधी रिकामी करून हवी आहे?

अध्यक्ष : घाई नाही.

लेक : आहे. लाळ्या-खुरकूतवाल्यांना जागा लागेल.

अध्यक्ष : मग या आठवड्यात. पुस्तकं, खुर्ची वगैरे तुम्ही घरी न्या. कपाटातले जंतूंचे नमुने मात्र नियमाप्रमाणे नष्ट करावे लागतील. लसीच्या कारखान्यात तेच जंतू जपून ठेवलेले आहेत, त्यामुळे तसं नुकसान काही नाही.

लेक : माहीत आहे. वाफेच्या यंत्रात घालायचे.

अध्यक्ष : ते आपली प्रयोगशाळेतली माणसं करतील. तुम्ही त्यात पडू नका. उगाच त्रास होईल.

लेक : नको, साहेब. बाबांच्या शेवटच्या वेळी हॉस्पिटलात काचेबाहेर उभं राहून झालंय माझं. हे मी करते.